सपाट छतांवरचा बर्फ

इथे सिंगापूरला मुलाचे मित्र विचारतात, बर्फात ड्यूटी केली का. केली, एकच हिवाळा. तीही जिथे बर्फ पडत नाही अशा ठिकाणी.

माझी प्लाटून जम्मूच्या डोंगरपायथ्याला एका गावाजवळ होती. मी सुभेदार. बर्फ समोरच्या शिखरांवर दिसायचा, तेवढाच. गावातली छतं मातीची, सपाट. आमचे जवान बहुतेक कोकणातले.

फेब्रुवारीत बर्फ सुरू झाला आणि दोन दिवस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पहिलं छत बसलं. घर रिकामं होतं. सात-दहाला रेडिओवर कंपनी कमांडर आले.

"छतं मोकळी करा. लोकांना शाळेत हलवा. ओव्हर."

"फावडी चारच आहेत, साहेब. ओव्हर."

"असेल त्याने करा. आऊट."

आम्ही पराती, जेवणाची ताटं घेऊन छतांवर चढलो. शाळेचं छत पत्र्याचं, उतरतं, तेवढं एकच भरवशाचं. अकरापर्यंत गाव तिथे आलं. मोजणीत एक म्हातारा कमी भरला. तो म्हशी सोडायला परत गेला होता.

नाईक अनंत गावडे माझ्या शेजारी उभा होता. मालवणकडचा, सव्वीस वर्षांचा. सकाळपासून त्याने सहा छतं मोकळी केली होती.

"अनंत, म्हाताऱ्याला घेऊन ये."

"जातो, साहेब."

अकरा-वीसला त्याने म्हाताऱ्याला दारातून बाहेर ढकललं. मागोमाग छत खाली आलं. आम्ही मिळेल त्याने उकरत राहिलो. पन्नास मिनिटं लागली. तो गेला होता.

निवृत्तीनंतर मी इथे सिंगापूरला, चोआ चू कांगमध्ये मुलाच्या फ्लॅटवर राहायला आलो. एका रविवारी अनंतचा धाकटा भाऊ सुहास पत्ता शोधत आला. रॅफल्स प्लेसला एका बँकेत आयटीत होता. मी त्याला सगळं वेळेसकट सांगितलं.

"त्याला मीच पाठवलं," मी म्हणालो.

त्याने खिशातून फोन काढून हातात धरला.

"काका, आई एकच विचारते. शेवटी त्याला थंडी फार वाजली का?"

अनंतचे हात मी स्वतः बर्फातून मोकळे केले होते. मला उत्तर माहीत होतं.

"अंगावर माती होती," मी म्हणालो. "मातीत ऊब असते."

त्याने तिथूनच घरी फोन लावला.

"आये, दादाक थंडी नाय वाजली गो."