तेरा गुरुवार आणि यासीनभाईंचा पाईप

हरवलेली वस्तू शोधायला निघालं की ती सापडेलच असं नाही, पण वाटेत किस्से मात्र पायलीचे पन्नास सापडतात. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीने एका टीव्ही मालिकेचे हरवलेले भाग शोधण्यात अख्खं वर्ष घालवलं. भाग मिळाले थोडे आणि किस्से एवढे मिळाले की चार माणसं जमून चहा आला की अजूनही एखादा बाहेर पडतोच. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, म्हणून गल्लीत मी 'मास्तर'. पत्रं लिहिणं, याद्या करणं ही कामं माझ्या गळ्यात पडायची. त्यामुळे यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे.

*

मालिकेचं नाव 'सातवी खिडकी'. तेरा भाग, दर गुरुवारी संध्याकाळी. एका बंगल्याला बाहेरून सात खिडक्या दिसायच्या आणि आत जाऊन मोजल्या की सहाच भरायच्या! पहिल्याच भागात खून. दुसऱ्या दिवशी सकाळी गंगावेशीत दूध प्यायला आलेले पैलवानसुद्धा बोटांवर खिडक्या मोजत होते.

गल्लीत टीव्ही एकच, गुळाचे व्यापारी आप्पा चौगुल्यांकडे. पण मुंबईचं चित्र आमच्याकडे धड यायचं नाही. म्हणून आप्पांच्या गच्चीवर वीस फुटी पाईप, पाइपाच्या टोकाला अँटेना, आणि पाईप फिरवायला यासीनभाई. यासीनभाईंचं कोपऱ्यावर स्टो-कुकर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांचा हात लागल्याशिवाय चित्र येत नाही, ही गल्लीची श्रद्धा. एकदा डेअरीवाला बंडा पाटील हौसेने वर गेला, तर पडद्यावर मालिकेऐवजी भातावरच्या कीडनाशकाची माहिती आली. पुन्हा कुणी त्याला वर जाऊ दिलं नाही.

वरून यासीनभाई ओरडायचे, "आलं कायऽऽ?"

खालून आम्ही, "आलं! तसंच धरा!"

आणि ते अर्धा तास तसंच धरून उभे राहायचे. असे तेरा गुरुवार! शेवटच्या गुरुवारी इन्स्पेक्टरने खुन्याकडे बोट उचललं आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. खाली एकच गलका, "गेलं!" वर यासीनभाईंनी पाईप असा काही पिळला की बोट जिथं थांबलं तिथं खुन्याचा चेहरा लख्ख! चाळीस माणसांनी एकदम श्वास सोडला. ज्यानं तो चेहरा आणला, त्यानं मात्र मालिकेतलं एक चित्रसुद्धा पाहिलं नव्हतं.

*

पण त्याचं त्यांना दुःख नव्हतं, कारण आप्पांकडे व्हीसीआर होता. आप्पांचा जावई दुबईला. त्यानं मशीन आणलं आणि सोबत पिशवीभर हिंदी सिनेमांच्या कॅसेटी. आता सिनेमा अडीच तासांचा आणि कॅसेट तीन तासांची. उरलेलं रीळ वाया घालवेल तो व्यापारी कसला? आप्पांनी प्रत्येक सिनेमाच्या शेपटीला मालिकेचा एकेक भाग भरून घेतला. तेरा कॅसेटी, तेरा शेपट्या.

यासीनभाईंनी पहिल्याच आठवड्यात गल्लीला बजावून ठेवलं होतं. "तेराच्या तेरा भाग मी एका दमात बघणार हाय. तवर खुनी कोण ते मला कुणी सांगायचं न्हाई. सांगंल त्याचा स्टो मी हातात धरणार न्हाई."

मालिका संपली. पुढचा रविवार यासीनभाईंसाठी ठरला. आणि शनिवारी गल्लीतला लग्नांचे व्हिडिओ काढणारा फोटोग्राफर आप्पांच्या घरी आला. लग्नसराई जोरात, कोऱ्या कॅसेटी बाजारात मिळेनात. आप्पांच्या मंडळी शालाक्का मोठ्या मनाच्या. त्यांनी अख्खी पिशवीच त्याच्या हातात दिली. "घेऊन जा की. सगळं शिनेमे बघून झाल्यात."

शेपट्यांची आठवण त्यांना झाली तेव्हा फोटोग्राफर परगावी तिसऱ्या लग्नात होता, आणि तो हाती लागेपर्यंत तेराही कॅसेटी लग्नांनी भरल्या होत्या! मी मुंबईला पत्र टाकलं. तिथून उत्तर आलं की त्यांच्याकडच्या टेपाही पुसून दुसऱ्या कार्यक्रमाला वापरल्या. म्हणजे 'सातवी खिडकी' संपली, कायमची. शालाक्का दोन दिवस जेवल्या नाहीत. यासीनभाईच येऊन त्यांची समजूत काढून गेले आणि जाताना त्यांचा स्टो फुकट साफ करून गेले.

*

आमच्या गल्लीत सकाळी केलेली भाजी दुपारपर्यंत सगळ्यांना माहीत होते. पण खुन्याचं नाव? पाच वर्षं एकानंही फोडलं नाही! धोका फक्त परक्यांचा.

एकदा स्टँडजवळच्या गाड्यावर आम्ही भजी खात होतो. मी, बंडा, यासीनभाई. शेजारी एक पाहुणे, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग. बोलता बोलता विषय टीव्हीवर गेला आणि पाहुणे रंगात आले. "ती सातवी खिडकी बघितलीत का? काय शेवट होता हो! मला वाटलं होतं वकील, पण खून केलेला असतो त्या..."

पुढचा शब्द आलाच नाही. बंडानं कढईतून नुकतीच निघालेली दोन भजी त्यांच्या तोंडात कोंबली होती. पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. यासीनभाईंनी बंडाकडे असं पाहिलं, जणू त्यानं त्यांना बुडताना वाचवलं.

सोमवारी मी शाळेत गेलो. प्रार्थनेनंतर नव्या हेडमास्तरांची ओळख करून दिली. त्यांची जीभ अजून जड होती.

*

पाच वर्षं गेली. गावात नवा टॉवर झाला, लोकांकडे टीव्ही आले. आणि एक दिवस गल्लीच्या टोकाला साळोख्यांनी वास्तुशांत केली. जेवणं झाल्यावर त्यांनी कौतुकाने थोरल्या मुलीच्या लग्नाची कॅसेट लावली. सनई, हार, फोटो, आणि शेवटी पाठवणी. मुलगी आईच्या गळ्यात पडलेली, खोलीतल्या सगळ्या बायका पदर डोळ्यांना लावून बसलेल्या. मुलगी गाडीत बसली, गाडी हलली, पडदा क्षणभर फरफरला, आणि हातात बॅटरी घेतलेला एक माणूस पडद्यावर येऊन म्हणाला, "प्रेताला कुणी हात लावू नका!"

मग नवरीच्या आजीने विचारलं, "हे कुणाकडचं पावणं?"

मी आणि आप्पा एकदम उठून उभे राहिलो. तो भाग चौथा होता! लग्न सिनेमापेक्षा फार लांबलं नव्हतं, म्हणून शेपूट वाचलं होतं. मी धावत कोपऱ्यावर गेलो. यासीनभाई कुकरची शिटी बसवत होते. त्यांनी सगळं ऐकलं, शिटी खाली ठेवली आणि म्हणाले, "म्हंजे पुसलं न्हाई म्हणा की."

त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा तो बंगला पाहिला. बराच वेळ बघून म्हणाले, "एवढाच हाय व्हय? मी पन्हाळ्याएवढा धरला होता."

*

आता गणित सोपं होतं. ज्याचं लग्न आटोपशीर, त्याच्याकडे भाग जिवंत. ज्याच्या लग्नात मानपान लांबलं, त्यानं पुरावा नष्ट केला. मी फोटोग्राफरकडे यादी मागितली. त्याला नावं आठवत नव्हती, तो लग्नं जेवणावरून लक्षात ठेवायचा. मी लिहीत गेलो: राधानगरीकडचे बासुंदीवाले, नृसिंहवाडीचे मसालेभातवाले, जिलबी कमी पडलेले... अशी बारा झाली. तेराव्याला तो अडला. म्हणाला, "त्या लग्नात मी जेवलोच न्हाई, मास्तर. मग कसं आठवंल?"

बंडा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, बारा तर बारा.

*

टीव्ही आणि व्हीसीआर आम्ही आप्पांच्या गुळाच्या टेम्पोतून घेऊन जायचो. पहिला मोर्चा राधानगरीच्या अलीकडे, बासुंदीवाल्यांकडे. पाऊस असा की टीव्हीवर घोंगडी टाकून आणला. घरमालकांनी आनंदाने कॅसेट काढली, आख्खी वाडी ओसरीवर जमली. आप्पांनी कॅसेट पुढं पळवायचं बटण दाबलं आणि घरातली म्हातारी कडाडली. "लगीन पळवतासा व्हय? अक्षता तर पडू द्यात!"

बटण सोडावं लागलं. तीन तासांना दोन मिनिटं कमी, एवढा वेळ आम्ही परक्याचं लग्न पाहिलं. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा म्हातारीने खरोखरच ताटात तांदूळ आणून सगळ्यांना वाटले. शेवटी पडदा फरफरला, आम्ही पुढे सरकलो. बंगल्यात एक कुत्रं भुंकलं, नावं सरकली, संपलं. बासुंदीवाल्यांकडे मालिकेची उरलेली लांबी सव्वा मिनिट!

परतताना यासीनभाई मात्र खुशीत होते. कुत्रं कसल्या जातीचं असेल यावर ते कळंब्यापर्यंत बोलत होते.

*

नृसिंहवाडीला वेगळंच झालं. मसालेभातवाल्यांच्या दारात आम्ही लग्नाच्या कॅसेटचं नाव काढलं आणि घरधन्याचा चेहरा पडला. मुलगी दोन वर्षांतच माहेरी परत आली होती. आम्ही ओशाळलो. आप्पा नुसतेच चपला शोधायला लागले.

तेवढ्यात ती मुलगीच आतून कॅसेट घेऊन आली. भाग कितवा, गोष्ट काय, सगळं तिने नीट विचारून घेतलं. यासीनभाई तिला म्हणाले, "सुरुवात आमाला नको, पोरी. नुसतं शेपूट बघतो."

"मी पळवते की. माझंच हाय," ती म्हणाली आणि बटण दाबलं. अडीच तासांचं लग्न पाच मिनिटांत सरलं. तिच्या बापाने सगळा वेळ खिडकीबाहेर पाहिलं, तिने मात्र पडद्यावरून नजर काढली नाही. मग सातवा भाग लागला, अख्खा! ती आमच्यातच बसून बघत होती. मध्येच म्हणाली, "ह्यो वकील उगंच गोड बोलतोय बघा." यासीनभाईंनी घाईने कानावर हात ठेवले.

निघताना तिने कॅसेट यासीनभाईंच्या हातात दिली आणि परत आणू नका म्हणाली. परतताना मला त्या पोरीचा फार अभिमान वाटत होता.

*

वर्षभरात आठ भाग जमले, काही अख्खे, काही तुकडे. तेरावा नव्हता. आणि एक दिवस यासीनभाईंनी सांगितलं की दुकान देऊन टाकलंय, मुलाकडे बेळगावला जातोय, कायमचा. सोमवारची गाडी. गल्ली हबकली. आता खुन्याचं नाव तोंडी सांगून टाकावं का, असं मी हळूच विचारलं. ते म्हणाले, "न्हाई मास्तर. सहा वर्सं धरून बसलोय. आता कानानं कशाला संपवायचं?"

रविवारी सकाळी बंडा माझ्या दारात. लाल झालेला, टॉवेलात काहीतरी गुंडाळलेलं. लग्नाची कॅसेट, त्याच्या स्वतःच्या! दूर सासुरवाडीत, गल्लीतलं कुणी नसताना, वरातीतलं घोडं बँडला बुजलं होतं आणि आमचे नवरदेव मांडवाच्या बांबूला लोंबकळले होते. ते सगळं रिळात उतरलं म्हणून बंडाच्या मामाने कॅसेट काढून घेऊन फोटोग्राफरला जेवणाआधीच हाकललं होतं. सहा वर्षं ही कॅसेट गव्हाच्या कणगीत होती.

"गल्ली जन्मभर हसंल मला," बंडा म्हणाला. "पर यासीनभाई न बघता गेलं तर मला झोप न्हाई लागायची."

दहा वाजता आप्पांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. यासीनभाई इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत. बंडा लोंबकळला, गल्ली पोट धरून हसली, बंडाही हसला. मग पडदा फरफरला, उरलेला सिनेमा आप्पांनी पळवला. तेरावा भाग, पहिल्या अक्षरापासून!

यासीनभाई गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. पापणी हलत नव्हती. सगळी पात्रं दिवाणखान्यात जमली. इन्स्पेक्टर सातव्या खिडकीसमोर उभा राहिला. त्यानं बोट उचललं, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या, त्या गुरुवारी टेपात उतरलेल्या त्याच.

शालाक्का ओरडल्या, "गेलं!"

कुणाला काही कळायच्या आत यासीनभाई उठले होते. जिन्यावर त्यांचे पाय धाडधाड वाजले. मागोमाग बंडा हाक मारत दारापर्यंत गेला आणि थांबला. आप्पांनी गच्चीवरची अँटेना काढून वर्ष झालं होतं, वर आता नुसता पाईप उभा होता. पाईप कुरकुरल्याचा आवाज खाली आला, आणि त्याच क्षणी पडद्यावर खुन्याचा चेहरा लख्ख!

वरून हाक आली, "आलं कायऽऽ?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आप्पा ओरडले, "आलं! तसंच धर, यासीन!"

मग सगळी गल्ली ओरडली, "तसंच धरा!"

भाग संपला, नावं सरकली. यासीनभाई खाली आले. सदऱ्याला, दोन्ही तळहातांना गंज लागलेला. ते आपल्या जागेवर बसले. मी कॅसेट मागे फिरवायला हात पुढे केला.

"राहू द्या, मास्तर," ते हात पुसत म्हणाले. "चित्र स्वच्छ आलतं न्हवं?"