वरच्या फळीवरचा ट्रे

गवळणकाकूंच्या दुधाच्या किटलीत तोंड बघून भांग पाडावा, अशी त्यांची घासणी. गल्लीत म्हणायचे, काकूंच्या तावडीत सापडलं तर मांजरही घासून पालथं घालतील. ओठांवर देवाचं नाव आणि हातात साबणाची वडी, असा त्यांचा दिवस सुरू व्हायचा.

त्यांच्या सुनेने मागच्या खोलीत लोखंडी मांडणी उभी केली आणि प्लास्टिकच्या ट्रेमध्ये मका उगवायला घातला, तोही मातीशिवाय. मका भिजवून पोत्यात बांधायचा, मोड आले की ट्रेमध्ये पसरायचा आणि येता-जाता पाणी फवारायचं. आठवडाभरात हिरवीगार सतरंजी तयार!

"मातीचा वास नाही ते कसलं गवत? गाईने काय चटई खायची?" काकूंनी नाक मुरडलं.

पण उन्हाळ्यात हिरवं पातं औषधालाही उरलं नव्हतं, आणि वाळल्या चाऱ्यावर थोरली गाय खंगत चालली होती. मुलाने सांगून टाकलं, "आई, हिने हा चारा तोंडाला लावला तर ठीक. नाहीतर पुढच्या रविवारी आत्या टेम्पो घेऊन येईल. तिच्याकडे नदीकाठी चरायला भरपूर आहे."

थोरलीला काकूंनी वासरू असताना बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. त्या दिवसापासून चटईची चेष्टा बंद. उलट रिकामे झालेले ट्रे सून उठायच्या आत काकूच घासून ठेवायला लागल्या. मुळांचा तो बुळबुळीतपणा त्यांना बघवत नसे.

धाकटी गाय सगळं मिटक्या मारत खाई. पण तिने एकदा गोणपाटही खाल्लं होतं, तेव्हा तिच्या पसंतीला कोण विचारतो! थोरली मात्र हुंगायची, फुस्स करायची आणि मान फिरवायची.

रविवार उजाडला. टेम्पो दारात, नणंदबाई गोठ्यात.

"वहिनी, सोडा आता दावं. परक्याकडे नाही, माझ्याकडेच येतेय."

"वन्सं, एकवार बघते हो." काकूंनी चाऱ्याचा तुकडा तोडून थोरलीपुढे धरला. फुस्स! काकूंनी तोच तुकडा आपल्या नाकाशी नेला. गुलाबाचा वास!

"सूनबाई, अगं, हा तर माझा साबण! ट्रे घासत होते ना मी..."

"सुगंधी साबणाने? आई!" सुनेने कपाळावर हात मारला. "सगळे घासले?"

"सगळे. वरच्या फळीवरचा तेवढा राहिला. हात पोचत नाही मेला."

सून पळाली. स्टूल ओढल्याचा आवाज आला आणि ती वरचा ट्रे घेऊन परतली. काकूंनी डोळे गच्च मिटून हात जोडले. त्यामुळे त्यांना दिसलं काहीच नाही, ऐकू मात्र आलं. कचर-कचर, कचर-कचर.

डोळे उघडले तर थोरलीने मुळांसकट अख्खी सतरंजी ओढून घेतलेली, अर्धी तोंडात, अर्धी शिंगावर पदरासारखी.

"घ्या! आता मी काय रिकामा टेम्पो घेऊन जाऊ?" नणंदबाई म्हणाल्या.

"रिकामा कशाला, वन्सं?" काकूंनी डोळे पुसले. "साबणाच्या वड्या न्या की. डबाभर आहेत."