मागच्या रांगेतल्या नटीची चाहती

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींना सिनेमातला हिरो कधी दिसायचाच नाही. गाणं लागलं की त्यांची नजर थेट मागच्या रांगेत. तिथं नाचणाऱ्या एका बाईच्या त्या भक्त होत्या. तिचं नाव नामावलीतसुद्धा नसायचं. "हिरोइनला बघायला सगळं जग हाय, हिला मी बघते," वहिनी म्हणायच्या.

हर्सूलच्या त्या दोन खोल्यांत वहिनी अडकल्या होत्या. दुसरा शब्द मला सुचत नाही. सासूबाई अर्धांगवायूनं खाटेवर, नवरा शेंद्र्याच्या कंपनीत. भाजीसुद्धा दारावरच घ्यायच्या. मोबाइल मात्र ओट्यावर, पिठाच्या डब्याला टेकवलेला. वेगवेगळ्या सिनेमांतल्या त्या नटीच्या नाचाचे तुकडे जोडून त्या एक आख्खं गाणं बनवत होत्या. त्यात ती मधोमध असणार होती.

पण एक तुकडा लखलखीत, तर दुसरा कुणीतरी टीव्हीसमोर फोन धरून काढलेला, मुंग्या आलेला. जोडले की ठिगळ दिसायचं. मी आपला शहाणपणा केला, "वाईट तुकडे साफ करा ना."

वहिनी हसल्या. "साफ केलं की तोंड मेणाचं होतं, ताई. चांगल्यालाच थोडं खाली आणायचं." आणि त्या चांगल्या तुकड्याचे रंग उतरवत, त्यावर जुन्या फितीसारखे बारीक दाणे पेरत बसायच्या. मला ते बघवत नसे.

गाणं पूर्ण झालं, इंटरनेटवर चढलं आणि फिरत फिरत त्या नटीपर्यंत पोचलं. ती पुण्यात एकटीच राहत होती. तिचा फोन येऊन गेल्यावर मी वर गेले, तर वहिनी जमिनीवर बसून रडत होत्या. "म्हणाली, मला आजवर कुणी मधी उभं केलं नव्हतं. डोळे चाललेत, तुझं तोंड बघायचंय, लवकर ये."

नवऱ्यानं नाही म्हटलं नाही. भला माणूस. "जाऊ की, पुढच्या महिन्यात," एवढंच म्हणायचा. तो महिना यायच्या आधी सासूबाई गेल्या. वाईट वाटलंच, पण खरं सांगते, मी मनातल्या मनात वहिनींची पिशवी भरून ठेवली होती. दिवसकार्य उरकलं आणि त्याच खाटेवर करमाडच्या आजारी चुलतसासूबाई आणून झोपवल्या. "वहिनीला सवय हाय," सगळे कौतुकानं म्हणाले. त्या कौतुकाचा मला भयंकर संताप आला.

"एक दिवस मी बघते त्यांना, तुम्ही जाऊन या," मी म्हटलं.

"तुमच्या हातून पाणी बी पीत नाय ती, ताई."

पुढे आमची बदली झाली. निरोप घ्यायला वर गेले तेव्हाच फोन वाजला. पलीकडचा थकलेला आवाज खोलीभर ऐकू येत होता, "अगं, आता नुसता उजेड-अंधार कळतो. निघालीस का?"

"व्हय," वहिनी म्हणाल्या, "गाडीतच हाय." आणि फोन मानेत धरून त्यांनी चुलतसासूबाईंना कुशीवर वळवलं.