क्रेनच्या बदल्यात सुधाकर

परवा मुलगा टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल बघत होता. बघता बघता मला म्हणाला, "बाबा, रोमन्स वेअर सो बार्बेरिक विथ देअर ग्लॅडिएटर्स. धिस इज प्रोफेशनल." …आणि माझं डोकं सटकलं. कारण हेच वाक्य मी वीस-बावीस वर्षांपूर्वी आखातात, दुबईपलीकडच्या फुजैऱ्यात ऐकलं होतं.

तेलाच्या टाक्यांचं काम चालू होतं, मी अ‍ॅडमिनमध्ये. दर शुक्रवारी कॉन्ट्रॅक्टर कंपन्यांच्या टीम्स वाळूत कबड्डी खेळायच्या. आमचा हुकमी एक्का सुधाकर… लांज्याचा, टाक्यांभोवती परांची बांधणारा. चढाईला निघाला की समोरचे आपोआप मागे सरकायचे.

आमचे प्रोजेक्ट मॅनेजर अमेरिकन. कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण टीमचे मालक झाले होते. रोमन लोक गुलाम झुंजवायचे, आम्ही खेळाडूशी करार करतो, त्याला डॉक्टर देतो, आणि चालेनासा झाला तर सरळ घरी पाठवतो, हे त्यांचं आवडतं प्रवचन. ग्लॅडिएटरलाही डॉक्टर मिळायचा, हे मी मनात म्हणायचो. मोठ्यानं म्हणायला व्हिसा लागतो.

सुधाकरला मुलगी झाली होती. तो इकडे आल्यावर झालेली, त्यानं फक्त फोटोत पाहिलेली. सुट्टी कधीचीच ड्यू होती, पण पासपोर्ट रिवाजाप्रमाणे कंपनीच्या तिजोरीत. सुट्टी आधी सेमीफायनलनंतर मिळणार होती, मग फायनलनंतर.

आणि फायनलच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला खुशीत सांगितलं, की पुढच्या महिन्यात अबुधाबीच्या स्पर्धेसाठी सुधाकर दुसऱ्या कंपनीला 'ट्रेड' केलाय. बदल्यात त्यांची क्रेन आपल्याला. अमेरिकेत म्हणे असंच चालतं.

हे सुधाकरला सांगायचं काम अर्थात माझं. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. त्यानं एवढंच विचारलं, "आणि मी मॅचमध्ये चाललोच नाही तर?"

साहेबांचं प्रवचन मला पाठ होतं. म्हटलं, मग घरी पाठवतात. तो "बरं" म्हणाला आणि चहा संपवून उठला.

फायनलला साहेब खुर्ची टाकून पुढे. सगळा कॅम्प "यल्ला सुधाकर" करतोय… सुधाकर चढाईला गेला, कोणाला हातही न लावता कडेची रेषा ओलांडून बाहेर आला. बाद. पुन्हा जिवंत होऊन आत आला की पुढच्या चढाईला तेच, त्याच्या पुढच्यालाही. चेहरा शांत, जणू भाजी आणायला निघालाय.

आम्ही सपाटून हरलो. कॅम्पातली पोरं त्याच्यावर खवळली होती. साहेब लालबुंद होऊन मला म्हणाले, विचार त्याला, झालंय काय.

सुधाकर गुडघ्यावरची वाळू झटकत म्हणाला, "सांगा त्यांना, माल खराब निघाला. आता घरी पाठवा."

मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. शनिवारी सकाळी क्रेनवाल्यांनी सौदा मोडला, आणि साहेबांनी तोंड फिरवून सुट्टीवर सही केली. तिजोरीतून पासपोर्ट मीच काढून दिला.

हे सगळं मुलाला सांगितलं. तो "व्हॉटेव्हर" म्हणून पुन्हा मॅच बघायला लागला… असो.

पण रानटी म्हणून ज्यांना आपण नाकं मुरडतो ना, ते रोमन जिंकणाऱ्या ग्लॅडिएटरच्या हातात लाकडी तलवार देऊन त्याला मोकळं तरी करायचे. आमच्या प्रोफेशनल फुजैऱ्यात एका बापाला लेकीला बघायला जाण्यासाठी हरावं लागलं… तेही सगळ्या कॅम्पासमोर.