अण्णा आणि रक्तातला एक आकडा

वहिनींचा फोन आला तेव्हा मी धारवाडच्या घरी शाळेत निघायच्या तयारीत होतो. "हे गेले हो, भाऊजी," एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता काही आठवडे झाले. बातमी अनपेक्षित नव्हती. तरी हुबळीच्या बसमध्ये बसल्यावर मनात पहिलं आलं ते हेच, की अण्णा सुटला... आजारातून म्हणण्यापेक्षा त्या आकड्यातून.

अण्णा माझा थोरला भाऊ. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात त्याचं साड्यांचं दुकान. नवरीकडच्या बायका आल्या की एकीशी मराठीत, दुसरीशी कन्नडमध्ये बोलत तो भराभर निर्णय देऊन टाकायचा. "ही नको, हिचा रंग उतरेल. ती घ्या." त्याला घुटमळताना मी कधी पाहिलं नव्हतं. आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशनसुद्धा त्यानं असंच, एका बैठकीत ठरवून करून घेतलं. गाठ निघाली. पुढं दर महिन्याला रक्त तपासायचं, एवढंच उरलं.

हुबळीत तेव्हा रक्त तपासायची नवी यंत्रं आली होती आणि रिपोर्टावर आकड्यांची रांगच छापून यायची. एकदा एका तरुण डॉक्टरनं त्या रांगेवर बोट ठेवलं. "प्लेटलेटची संख्या ठीक आहे, पण आकार मोठा दिसतोय. आकार वाढला की आजार उलटण्याची शक्यता जास्त, असं हल्ली काही जण म्हणतात." सहज बोलून त्यानं पुढच्या पेशंटला आत घेतलं. अण्णा मात्र त्या वाक्यातून बाहेर आलाच नाही.

"तू विज्ञान शिकवतोस ना? हा कण मोठा का होतो, सांग," तो मला विचारायचा. मी सांगायचो, रक्त थांबवणाऱ्या या बारीक पेशी. शरीर त्या घाईनं बनवायला लागलं की नव्या, मोठ्या बाहेर पडतात. "घाई कशाची? म्हणजे आत काहीतरी चाललंय." दुकानात साडी उलगडता उलगडता त्याचा हात थांबायचा. गिऱ्हाईक ताटकळत राहायचं. पुढच्या महिन्यात आकडा आणखी चढला आणि अण्णानं एकदम विद्याचं लग्न ठरवून टाकलं. विद्या त्याची एकुलती एक मुलगी, धारवाडला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती.

"अप्पा, परीक्षा तरी होऊ द्या," विद्या बापाला म्हणाली.

"तुला वेळ आहे गं. मला नाही."

मुलाकडच्या बेळगावच्या मंडळींना लग्नानंतर शिकणारी सून नको होती. विद्या रडली नाही, भांडली नाही. पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि बापाशी बोलणं बंद केलं.

शेवटी मीच अण्णाला, जिथून त्याचे रिपोर्ट यायचे त्या कोप्पीकर रोडवरच्या लॅबमध्ये घेऊन गेलो. तिथल्या वयस्क डॉक्टरीणबाईंनी सगळे रिपोर्ट पाहिले आणि विचारलं, "रक्त कुठं काढता?"

"घराजवळ, जुन्या हुबळीत. सकाळी."

"आणि इथं कधी पोचतं?"

"दुपारी. त्यांचा माणूस सगळीकडचं गोळा करून आणतो."

"अहो, नळीत रक्त इतका वेळ राहिलं की प्लेटलेट फुगतात. आकार मोठाच दिसणार."

त्यांनी तिथंच रक्त काढलं, लगेच तपासलं. आकडा चारचौघांसारखा आला. "पण याच्यावरही विसंबू नका," त्या म्हणाल्या. "अभ्यास अजून चालू आहेत. एका कर्करोगात मोठ्या प्लेटलेट वाईट म्हणतात, दुसऱ्यात लहान. तुमचं एकट्याचं काय होणार, हे त्यावरून कुणालाच सांगता येणार नाही."

अण्णा जिन्यातच खाली बसला. "नळीतल्या रक्ताला भिऊन मी पोरीचं शिक्षण मोडायला निघालो होतो रे..." त्याच संध्याकाळी त्यानं बेळगावला फोन करून, परीक्षेनंतर बघू म्हणून सांगितलं. त्यांनी थांबायला नकार दिला. सोयरीक मोडली. अण्णा स्वतः स्टुलावर चढून माळ्यावरची पुस्तकं काढायला लागला, तेव्हा विद्या पहिल्यांदा बोलली, "उतरा अप्पा, पडाल."

गोष्ट इथं संपली असती तर! वर्षभरानं आजार यकृतात उलटला, आणि त्या महिन्यातही आकडा उत्तमच होता. "चांगला होता ना रे आकडा?" अण्णा मला विचारत राहिला. ज्याला भीत होता, त्याच्यावरच पुढं त्यानं भरवसा टाकला होता. सुटका अशी कधी झालीच नव्हती. विद्या पास झाली, तेव्हा तो अंथरुणावर होता. "लग्न बघायला मी नसेन. पण हे बघितलं," म्हणाला, आणि कूस बदलली.

परवा सोमवारी सकाळी हुबळीला गेलो. स्वयंपाकघरात वहिनी आणि विद्या नुसत्याच बसलेल्या, गॅस बंद. महिन्याचा पहिला सोमवार म्हणजे अण्णाच्या रक्ताचा दिवस. तो उपाशीपोटी जायचा, म्हणून त्या दिवशी तो परत येईपर्यंत घरात कुणीच चहा घ्यायचं नाही. या तपासणीला उपाशी राहायची गरज नाही, असं मी सांगूनही त्यानं ते सोडलं नव्हतं. मी आलेला पाहून वहिनी उठल्या, काड्यापेटी हातात घेतली आणि तशाच उभ्या राहिल्या.

"आता कुणासाठी थांबलोय आपण?" त्या म्हणाल्या.

विद्यानं त्यांच्या हातातून काड्यापेटी घेतली. पण काडी तिनंही ओढली नाही.