दोन बायांचा कोयता

दीपा साळवेचा जन्म उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या झोपडीत झाला. आईबाप ऊसतोडीचे; पण बाप रंगनाथ हट्टी. त्याने पोरीला नगरला ठेवून कॉम्प्युटर शिकवला, आणि १९९९च्या हंगामात श्रीगोंद्याजवळच्या एका साखर कारखान्यात ती तात्पुरती लागली. तोडणीच्या टोळ्यांची नोंद घेणारा फॉर्म तिनेच बनवला होता. एकाच पानावर तीन पडदे: पहिल्यावर गाव आणि मुकादम, दुसऱ्यावर कोयता, म्हणजे तोडणाऱ्या जोडीची नावे, तिसऱ्यावर राहायची जागा. एक दिसला की बाकीचे दोन दडायचे. ‘पुढे’ दाबले की पुढचा, ‘मागे’ दाबले की मागचा. शेतकी अधिकारी आप्पासाहेबांनी बजावले होते, “चालत्या फॉर्मला हात लावायचा नाही. बंद पडला तर तू घरी.”

आणि एका दुपारी फॉर्म अडला. टेबलापुढे पाथर्डीकडची मनकर्णा उभी होती, शेजारी तिची विधवा जाऊ बायडाबाई. मनकर्णाच्या नवऱ्याचा खांदा मोडलेला, म्हणून दोघींनी मिळून कोयता धरला होता. दीपाने दोघींची नावे भरली, ‘पुढे’ दाबले. पडदा हलेना. पुन्हा दाबले. ढिम्म.

मग तिला कळले. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हे तिला जन्मापासून ठाऊक. बाहेरच्या कुणी दोन नावांना दोन रकाने ठेवून विषय संपवला असता. फडावर वाढलेल्या या शहाणीने मात्र अट घातली होती: एक बाप्या, एक बाई, नाहीतर पुढचा पडदा नाही.

“ताई, कशाला डोकं लावताय?” त्यांच्या टोळीचा मुकादम बजरंग म्हणाला. “बायडाबाईला काढा. मनकर्णापुढं माजं नाव घाला. कागदावरच हाय की.”

“घाल गं,” आप्पासाहेब म्हणाले. “बाहेर ट्रक खोळंबलेत.”

बजरंगचे नाव म्हणजे हंगामभराची मजुरी बजरंगच्या हातात, आणि गावात बोभाटा होईल तो निराळाच. मनकर्णा हळू आवाजात म्हणाली, “त्येच्या नावानं मी ऊस तोडनार न्हाई. आन् हितनं हालनारबी न्हाई.”

दीपाला स्वतःचीच चीड आली. तिने फॉर्म बंद केला आणि त्यामागची फाईल उघडली.

“काय करतेस?”

“अट काढते, साहेब.”

“मी काय सांगितलं होतं?”

तिने ओळ खोडली, पान उघडले. पांढरे फटक. एकही पडदा नाही. बजरंग खुदकन हसला. दीपाने फाईल पुन्हा उघडली. घाईत ओळीबरोबर एक कंसही खोडला गेल्याचे तिला दिसले, तो तिने परत घातला. पडदे आले. दोघींची नावे पुन्हा भरून तिने ‘पुढे’ दाबले. तिसरा पडदा उघडला.

“संध्याकाळी मला भेट,” म्हणून आप्पासाहेब निघून गेले.

“झालं, मावशी,” दीपा म्हणाली. “आता दोन बायांची पण नोंद होते.”

मनकर्णाने तिच्याकडे पाहिले. “मग सकाळी गोजरबाईला आन् तिच्या लेकीला माघारी का लावलं? आमच्याच गावच्या. रडत यष्टीत बसल्या.”

दीपाला गोजरबाईचा चेहरा आठवेना. सकाळच्या गर्दीत एकदा न हललेला पडदा तेवढा आठवला, आणि मान वर न करता आपणच म्हटलेले, “नवरा घेऊन या. चला, पुढचं कोण?”