एस्तेर आक्का आणि उपासाचा केक

एस्तेर आक्कांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत यावर माझा विश्वास बसत नाही, आणि त्यांच्यावर लिहिण्याचं काम गौरव समितीने माझ्याकडे सोपवलं यावर त्यांचा बसणार नाही. आमची ओळख सुईदोऱ्याने झाली. कडोली गावाहून शहराच्या कॅम्प भागातल्या शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून मी रुजू झालो, त्याच सकाळी बसमध्ये माझ्या शर्टाचं बटण तुटलं. मुख्याध्यापकांपुढे छातीवर हात धरून कसं उभं राहायचं, म्हणून शिवणाच्या वर्गात डोकावलो. तिथल्या बाईंनी शर्टाकडे पाहिलं, सुई ओवली आणि माझ्याच हातात दिली.

"शिवून देणार न्हाय, मास्तर. शिकवून देते," असं म्हणून त्या शेजारी उभ्या राहिल्या. पाचवीच्या मुली तोंडावर हात ठेवून हसत असताना मी आयुष्यातलं पहिलं बटण लावलं. ते वाकडं बसलं, पण शर्ट फाटेपर्यंत निघालं नाही.

शाळेत आक्कांनी कितीतरी पिढ्यांना शिवण शिकवलं, आणि निवृत्तीनंतर कॅम्पातल्या घराच्या व्हरांड्यात संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू केला. आठवी ते दहावीची मुलं येतात. कुणाचे वडील लष्करात, कुणाचे मच्छे गावच्या कारखान्यात, कुणाची भाजीची गाडी. चर्चला जाणारी, देवळात जाणारी, मशिदीत जाणारी, सगळी एकाच सतरंजीवर बसतात. मी निवृत्त झाल्यावर आक्कांनी मला बोलावून घेतलं. भाषा शिकवायला असेल असं मला वाटलं होतं, पण पहिला महिनाभर मी सतरंजी झटकली.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तिच्यात चूक सर्वस्वी माझी आहे, ती छापून यावी अशी माझीच इच्छा आहे.

एका डिसेंबरात वर्गातल्या काही मुलांनी हॉटेलातल्या नाताळच्या पार्टीला जायचं ठरवलं. ज्यांना घरून प्रवेशाच्या पासाचे पैसे मिळाले ती गेली, उरलेली घरी राहिली. दुसऱ्या दिवशी पार्टीचे फोटो सतरंजीवर या हातातून त्या हातात फिरले. मच्छेच्या सुषमाने ते पाहिले, वही मिटली आणि पुन्हा वर्गाला आलीच नाही. नववीतली हुशार मुलगी, फक्त गणितात अडायची. आक्कांना ते फार लागलं. नाताळ आपला आणि त्याच्यापायी आपल्याच वर्गातली मुलगी तुटली, हे त्या वर्षभर बोलून दाखवत होत्या.

पुढच्या वर्षी दिवाळी होताच त्यांनी जाहीर केलं की यंदा पार्टी या व्हरांड्यातच होईल आणि कुणी घरी राहणार नाही. मुलांनी दिवाळीचे आकाशकंदील माळ्यावरून काढून आणले आणि त्यांच्या काड्यांवर नवा कागद चिकटवून नाताळचे तारे केले. सुरूची एक फांदी रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून उभी केली. शिवणाच्या चिंध्यांच्या माळा झाल्या. खाण्याचं म्हणाल तर ज्याच्या घरी जे असेल ते मूठभर आणायचं, आणि रव्याचा केक आक्का करणार. सुषमाला निरोप गेला. ती दहावीत होती, एसएसएलसीची बोर्डाची परीक्षा तोंडावर होती. तिने "येते" असं कळवलं, त्या दिवशी आक्का प्रार्थना म्हणताना मध्येच थांबल्या, असं त्यांनीच मला सांगितलं.

तारीख ठरवण्याचं काम तेवढं माझ्याकडे दिलं होतं. मी शाळेचं वेळापत्रक पाहिलं, सहामाहीचे पेपर पाहिले, नाताळात कोण गोव्याला आजोळी जाणार त्याची चौकशी केली आणि मोठ्या हुशारीने गुरुवार संध्याकाळ काढली. आदल्या दिवशी दुपारी सुषमा आली. आत न येता पायरीवरच उभी राहिली.

"आक्का, उद्या मला जमंना. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार हाय. उपास हाय, आणि आईचं उद्यापन बी हाय."

आधीचे सगळे गुरुवार मी घरी लक्ष्मीची पूजा पाहिली होती, प्रसादाची खीर वाटी पुसून खाल्ली होती, आणि स्वयंपाकघरात टांगलेलं कॅलेंडर मात्र एकदाही पाहिलं नव्हतं. अठरा मुलांपैकी अकराजणांच्या घरी तोच उपास निघाला. शुक्रवारपासून चर्चची मुलं गावी जाणार, म्हणजे दिवस पुढे ढकलायची सोय नव्हती. निम्म्याहून जास्त मुलं पुन्हा घरी राहणार होती, आणि सुषमा आता गेली तर कायमची जाणार होती. मी आक्कांची माफी मागू लागलो. त्यांनी मला मध्येच अडवलं.

"उपास हाय, मास्तर. भांडण न्हाय. चला, चप्पल घाला."

तासाभरात आम्ही सुषमाबरोबर मच्छेत तिच्या आईसमोर बसलो होतो. आक्कांनी मुलीला पाठवा असा आग्रह धरला नाही. पूजा किती वाजता, हळदीकुंकवाला बायका कधी येणार, उपासाला तुमच्यात काय काय चालतं, एवढंच विचारलं. मग म्हणाल्या की पार्टी दुपारी घेऊ, दिवेलागणीच्या आत मुली आपापल्या घरी पोचतील, आणि खाणं सगळ्यांनाच उपासाचं ठेवू. केकसुद्धा वरीच्या पिठाचा, शेंगदाण्याचं कूट, गूळ आणि केळं घालून. सुषमाच्या आईंनी मनातली शंका बोलून दाखवली.

"केक चालंल वो. पर तुमच्या भांड्यात अंडं शिजतंय न्हवं?"

मी जमिनीकडे पाहिलं. आक्कांना राग आला असता तर मला नवल वाटलं नसतं. पण त्या लगेच म्हणाल्या, "शिजतंय की. म्हणूनच म्हंते, तुमचं पातेलं द्या."

सुषमाच्या आईंनी उठून फळीवरचं उपासाचं पातेलं काढलं आणि पुढे केलं. आक्कांनी ते घेतलं नाही. "आज नगं. उद्या सुषमाच्या हातनं पाठवा," असं सांगून त्या निघाल्या. बसमध्ये मी विचारलं, पातेलंच आलं नाही तर? मग केक नाही, एवढंच त्या म्हणाल्या आणि खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

गुरुवारी दोनला मुलं जमली. उरलेल्या सात जणांनी आपणहून ठरवलं होतं की आपणही उपासाचंच खायचं. रताळी आली, केळी आली, राजगिऱ्याचे लाडू आले. शेगडी पेटली, पण तिच्यावर ठेवायला भांडं नव्हतं. अडीच झाले. मी चार वेळा फाटकापर्यंत जाऊन आलो. आक्का वरीचं पीठ पुन्हा पुन्हा चाळत होत्या, आणि त्यांचा हात थरथरताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पावणेतीनला सुषमा आली, टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं कडेवर घेऊन. माझा जीव भांड्यात पडला. आक्कांनी पीठ, कूट आणि गूळ तिच्यापुढे सरकवला आणि स्वतः शेजारी उभ्या राहिल्या.

केक मधोमध भेगाळला. सोडा उपासाला चालत नाही असा निकाल माझ्या पत्नीने दिला होता, त्यामुळे तो फुगलाही बेताचाच. तरी अठरा मुलांनी तो तळापर्यंत खरवडून संपवला, आणि दिवे लागायच्या आत मुली घरी पोचल्या. सुट्टी संपल्यावर सुषमा सतरंजीवर आपल्या जुन्या जागी येऊन बसली, तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून डोळे पुसले. एसएसएलसी ती गणितासकट पास झाली. आज त्याच वर्गात ती धाकट्यांना गणित शिकवते.

सत्कारात काय हवं असं समितीने विचारलं, तेव्हा आक्कांनी शाल नको म्हणून सांगितलं. समारंभाची तारीख तेवढी मास्तरांना ठरवू देऊ नका, ही त्यांची एकच अट होती. ती आम्ही पाळली आहे, तारीख माझ्या पत्नीने काढली.

ते पातेलं त्यानंतर मच्छेला परत गेलं नाही. त्या नाताळात आक्का ते परत करायला गेल्या, तर सुषमाच्या आईंनी हात जोडले आणि पुढच्या वर्षी लागेल, राहू दे, म्हणाल्या. आक्कांच्या स्वयंपाकघरात त्याची खुंटी वेगळी आहे, अंड्याच्या भांड्यांपासून लांब. आक्का, दर डिसेंबरात ते पातेलं त्या खुंटीवरून खाली यावं आणि ते उतरवायला तुमचाच हात वर जावा, निरोगी आणि न थरथरता, अशी आम्हा सर्वांची प्रार्थना आहे. सतरंजी झटकायला मी आहेच.